फाटकापासून स्टँडपर्यंत

आमच्या आणि सकपाळ सरांच्या घराला भिंत एकच. महाडात अशी जोडघरं पुष्कळ आहेत. पलीकडच्यानं फोडणी दिली की अलीकडच्याला ठसका लागतो, आणि अलीकडचं भांडण पलीकडच्याला तोंडपाठ असतं. सर वारल्याला आता वर्ष होईल. पलीकडे एक नवं जोडपं राहायला आलंय, दिवसभर त्यांचा टीव्ही चालू असतो, तरी मी दुपारी त्या भिंतीकडे पाठ करून बसत नाही. आणि खेडच्या दिशेनं निघालेल्या कुणालाही मी आता फाटकात हाक मारत नाही. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही, असं नवी शेजारीण म्हणते. तिला काय सांगायचं?

दत्ताराम सकपाळ मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. मुंबईत बरीच वर्षं संगणकाची कामं केली आणि पन्नाशीच्या आतच महाडच्या एका कॉलेजात शिकवायला परत आले. अंगानं किडकिडीत, खिशाला तीन पेनं, त्यातलं एक चालणारं. मनगटावरचं घड्याळ उलटं, म्हणजे तबकडी आतल्या बाजूला. वेळ बघायची झाली की ते हात पुढे करून मनगट उलटं करायचे, आणि समोरच्याला वाटायचं, काहीतरी मागतायत. बोलणं शहरी, पण मन हललं की वाडीची भाषा वर यायची.

त्यांचा एक शब्द होता, ‘त्याआधी’. आपण म्हणावं, दूध उतू गेलं. सर विचारणार, "त्याआधी?" त्याआधी फोन आला होता. "त्याआधी?" त्याआधी मी फोन स्वयंपाकघरात आणून ठेवला होता. असं करत करत ते आपल्याला आदल्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत मागे नेत, आणि दूध उतू जायचं खरं कारण तिथं कुठंतरी भाजीच्या पिशवीत सापडे. कॉलेजातली पोरं त्यांना ‘त्याआधी सर’ म्हणत. बायको शैला तर म्हणायची, "बाई, लग्नात मंगलाष्टकं चालली होती तेव्हापण ह्यांनी भटजींना विचारलं असणार, त्याआधी?" आणि ती स्वतःच इतकी हसायची की भिंतीपलीकडे मला हसू फुटायचं.

शैलावहिनी खेडकडची. गोरी नव्हे, देखणी नव्हे, पण घरात आली की घर भरल्यासारखं वाटायचं. माझे यजमान गेल्यावरच्या पहिल्या वर्षात तिनं मला एकटीला जेवू दिलं नाही.

सरांची एक गोष्ट वाडीत अजून सांगतात. शिमग्याच्या आधी कबड्डीचे सामने होते. वाडीचा संघ एका गुणानं हरला. शेवटच्या चढाईला पांडू गेला होता, तो पकडला गेला. झालं! आख्खी वाडी पांडूच्या मागे लागली. त्याच्या आईला पाणवठ्यावर बायका बोलेनात. सर सुट्टीला वाडीवर गेले होते. त्यांनी देवळासमोरच्या धुळीत काटकीनं मैदान आखलं, सगळ्या खेळाडूंना गोल बसवलं आणि शेवटापासून सुरुवात केली. "ही चढाई का करावी लागली? कारण एक गुण कमी. तो कधी गेला? त्याआधी?" दोन तास ते मागे मागे जात राहिले. शेवटी पहिल्या डावातली एक अदलाबदल सापडली. डाव्या कोपऱ्यातला चांगला खेळणारा गडी काढून कप्तानानं स्वतःच्या चुलतभावाला उतरवलं होतं, का, तर मुंबईहून काका सामना बघायला आले होते आणि मुलगा खेळताना त्यांना दिसायला हवा होता. तिथून पुढचे पाच गुण त्याच कोपऱ्यातून गेले.

सर उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "शेवटची चाल नेहमी बदनाम होते. सगळ्यांचं पाप तिच्या अंगावर येतं."

पांडू त्यांच्या पाया पडला. पुढे त्यानं माणसं भरून नेणारी वडापची जीप घेतली, पण सरांकडून त्यानं कधी भाडं म्हणून घेतलं नाही.

त्याच देवळाच्या पायरीवर वाघ-बकरीचा पट कोरलेला आहे. कुणी कोरला ते कुणालाच माहीत नाही. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघानं उडी मारून बकरी खायची आणि बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. सरांच्या डोक्यात आलं की हा खेळ संगणकाला शिकवायचा. शिकवायचा म्हणजे चाली सांगायच्या नाहीत, नुसते नियम सांगायचे. मग त्यानं आपला आपण खेळायचं, हजारो डाव, आणि शिकायचं.

मी विचारलं, "सर, न सांगता शिकेल कसा? आमची पोरं सांगूनही शिकत नाहीत."

"तीच तर गंमत आहे, बाई. डाव संपतो तेव्हा एकच उत्तर मिळतं, जिंकला किंवा हरला. पण चाली तर चाळीस झालेल्या असतात. त्यातल्या कुठल्या चालीचं कौतुक करायचं? कुठल्या चालीचा कान धरायचा?"

"शेवटच्या?"

"शेवटची नेहमी बदनाम होते," ते हसले. मग त्यांनी मला खाचरांचं उदाहरण दिलं. डोंगरातली भातखाचरं उतरती असतात, पाणी वरच्या खाचरातून खालच्यात झिरपतं. इथं उलट. निकालाचं पाणी शेवटच्या खाचरात पडतं आणि तिथून वर चढतं. शेवटच्या चालीला थोडं, तिच्या आधीच्या चालीला थोडं, असं वर वर. एका डावात काही कळत नाही. लाख डावांनंतर मात्र कुठलं खाचर खरं ओलं आहे ते दिसायला लागतं.

"आणि तो शेवटापर्यंत थांबतच नाही," सर पुढे म्हणाले. "दर चालीनंतर अंदाज बांधतो, आता आपण जिंकणार का. मी त्याला भाव म्हणतो. भाव एकदम पडला, की समजायचं, इथं काहीतरी झालं, आपण चुकलो किंवा समोरच्यानं चाल केली. बोट तिथं ठेवायचं."

मला संगणकातलं कळतं ते एवढंच, आणि एवढं कळलं नसतं तर बरं झालं असतं.

पहिले काही दिवस त्या यंत्रातल्या बकऱ्या आपणहून वाघाच्या तोंडात जायच्या. शैलावहिनी ते बघून ‘अगो बाई’ करायची. संगणक त्यांनी भिंतीवरच्या पुराच्या खुणेच्या वर, फळीवर ठेवला होता. आमच्याकडे सगळ्याच किमती वस्तू त्या खुणेच्या वर असतात. त्याच्या पंख्याची घरघर भिंतीतून रात्रंदिवस ऐकू यायची. पंधरा दिवसांनी बकऱ्या वेगळ्याच उभ्या राहायला लागल्या. घोळका न करता दोन-दोनच्या जोडीनं, कडेकडेनं.

वाडीवरून बाबूतात्यांना मुद्दाम आणलं. ऐंशीच्या पुढचा माणूस, बकऱ्या घेऊन आयुष्यात हरला नाही अशी ख्याती. मीही बघायला गेले. त्या दिवशी तात्यांनी वाघ घेतले, यंत्रानं बकऱ्या. तासाभरात तिन्ही वाघ कोंडले. तात्या पडद्याजवळ तोंड नेऊन एकेका बकरीवर बोट ठेवत राहिले.

"तात्या, काय झालं?" वहिनीनं विचारलं.

"ही मांडणी माझ्या बाची हाय," तात्या म्हणाले. "अशा जोडीनं फकस्त तो खेळायचा. तो गेला तवा मी धा वर्साचा होतो. मलापन येत नाय ही. दत्त्या, तुला कुनी दावली?"

"कोणीच नाय दावली, तात्या. त्यानं शोधली."

"मंग त्यानं कुठून आनली?"

सरांनी त्यांना समजावलं की चांगली चाल ही चांगलीच असते, तुमच्या वडिलांना सापडली तशी यंत्रालाही सापडली. तात्यांनी मान हलवली, पण चहा न घेताच उठले. जाताना यंत्राकडे पाठ केली नाही, दारापर्यंत मागे मागे गेले. देवळाच्या पायरीवर ते पुन्हा कधी खेळायला बसले नाहीत म्हणतात. आम्ही तेव्हा हसलो. वहिनी तर आठवडाभर त्यांची नक्कल करत होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात वहिनी गेली.

कशेडीचा बोगदा तेव्हा झालेला नव्हता, सगळी वाहतूक घाटातून. ती माहेरी निघाली होती. आठची एसटी चुकली म्हणून वडापच्या जीपमध्ये बसली. घाटात पुढे ट्रक अडकून रांग लागलेली. जीपमध्ये एका म्हातारीला ओकाऱ्या होत होत्या, तिच्यासाठी वहिनी बाटली घेऊन रस्त्याकडेच्या झऱ्यावर उतरली आणि वरून दरड आली. जीपला खरचटलंदेखील नाही. म्हातारी वाचली.

जो तो हेच म्हणायचा, कशाला उतरली? बसून राहिली असती तर? सर ओटीवर बसून ऐकत असायचे. तेराव्याला कुणीतरी पुन्हा तेच म्हणालं, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "ती तिची शेवटची चाल होती. तिला काय बोलू नका."

आता माझं सांगते. त्या सकाळी पावणेआठला वहिनी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मी माझ्या दारात उभी होते. आमच्याकडे गावाला निघालेल्या माणसाला मोकळ्या हातानं कुणी जाऊ देत नाही. कुणाची भाकरी, कुणाचं औषध, कुणाच्या लेकीची साडी, काहीतरी त्याच्या हातात पडतंच, आणि तोही नाही म्हणत नाही. माझी धाकटी बहीण नलू खेडला असते. मी म्हटलं, "वहिनी, दहा मिनिटं थांबा ना. जाता जाता एवढं न्याल?" ती थांबली. मी आत जाऊन आमसुलं काढली, कागदात बांधली, कापडी पिशवीत घातली, शाईच्या पेनानं पिशवीवर नलूचं नाव लिहिलं, तोंडाला गाठ मारली. नेहमीप्रमाणे वर दोन गोष्टी बोलले. ती छत्री धरून हसत उभी होती. आमच्या फाटकापासून स्टँडपर्यंत सात मिनिटांची वाट. एरवी पाऊण तास उशिरा सुटणारी एसटी त्या दिवशी आठला सुटली, आणि ती दरडीच्या आधी घाट ओलांडून गेली.

हे मी कुणाला सांगितलं नाही. नलूलाही नाही.

महिनाभरानं सरांनी चौकशी सुरू केली. स्टँडवरच्या माणसाला, पोलादपुरात जिथं जीप थांबली त्या चहावालीला, जीपच्या ड्रायव्हरला, त्या म्हातारीला, सगळ्यांना भेटून आले. कधी आली, कधी निघाली, काय बोलली. एक दिवस दुपारी माझ्याकडे आले, मनगट उलटं करून वेळ बघितली आणि विचारलं, "बाई, त्या दिवशी शैला निघाली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"आत," मी म्हटलं. "पूजेला बसले होते."

"बरं," ते म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. माझ्या हातातली कपबशी वाजत होती. ती त्यांना ऐकू गेली नसेल, असं मी पुढे कित्येक दिवस मनाला सांगत राहिले.

मग पलीकडे पंखा पुन्हा घरघरायला लागला. सरांनी यंत्रात तो दिवस मांडला होता, पटासारखा. घर, फाटक, स्टँड, पोलादपूर, घाट, खेड. पाऊस, गाड्यांच्या वेळा, ट्रकची रांग, यांत कमीजास्त होऊ द्यायचं, दरड तेवढी पक्की, तिच्याच वेळेला. आणि एक पिवळा ठिपका, तो घरातून निघायचा. खेडला पोचला की यंत्र ‘टुंग’ असा आवाज करायचं. नाही पोचला तर काहीच नाही, ठिपका विझायचा आणि परत घरातून निघायचा. यंत्र शिकत होतं की कुठल्या चालीमुळे तो पोचतो आणि कुठल्या चालीमुळे नाही.

मी ते एकदा बघितलं आणि उठून आले, पण भिंतीला कान बंद करता येत नाहीत. भाजी निवडताना, वर्तमानपत्र वाचताना, भर दुपारी, टुंग. वहिनी पोचली. टुंग. पुन्हा पोचली. मग बराच वेळ काही नाही. हातातली शेंग तशीच राहायची. काही नाही. काही नाही. मला जागेवरून उठवेना. आणि टुंग झालं की मी श्वास सोडायची. दिवसभर ती बाई माझ्या दारावरून जात होती आणि दर खेपेला मी तिला थांबवत होते.

सर दिसायला ठीक होते. कॉलेजात जायचे, रविवारी गुडघ्यांसाठी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचे, येताना माझ्यासाठी भाजी आणायचे. भाजी देताना फाटकापाशी जरा थांबायचे, मी काही बोलेन म्हणून थांबल्यासारखे. मी पैसे विचारायची, ते हात हलवून आत जायचे.

सुमारे दोन वर्षं असं चाललं. मग एका दुपारी त्यांनी भिंतीवर टकटक केली. ही वहिनीची पद्धत होती, ‘या’ म्हणायची. मी गेले.

बाहेर पावसानं अंधारलेलं. पडद्यावर ठिपका थांबवून ठेवलेला होता, फाटक आणि स्टँडच्या मधोमध.

"बघा, बाई. सगळ्यांनी मला सांगितलं, घाटात उतरली ती चूक. यंत्र म्हणतं, नाही. घाटात पोचेपर्यंत भाव आधीच पडलेला आहे. जीपमध्ये बसली ती चूक? तेही नाही. फाटकाशी भाव चांगला आहे. स्टँडवर पडलेला आहे. मधे शैलानं काहीच केलेलं नाही, नुसती चालली. सात मिनिटांच्या वाटेला अठरा मिनिटं लागली." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आपण चाल केली नाही आणि तरी भाव पडला, तर त्याचा अर्थ काय?"

हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तोंडातून निघून गेलं, "समोरच्यानं चाल केली."

"बरोबर."

पंखा घरघरत होता. मी म्हटलं, "चप्पल तुटली असेल पावसात."

सरांनी ते यंत्रात घातलं. ठिपका निघाला, विझला, निघाला, विझला. आम्ही दोघं बघत बसलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "नाय जुळत. चप्पल तुटली असती तर ती घरी परत आली असती, दुसरी घालायला. ती परत आली नाय. ती थांबली. कोणासाठी तरी थांबली." मग त्यांनी ती जागा पुसून कोरी केली आणि मला म्हणाले, "असू दे. राहू दे रिकामी. ज्याची चाल हाय तो भरेल."

मी घरी आले आणि देवासमोर बसले. या वेळी खरोखरीच पूजेला बसले.

पुढच्या उन्हाळ्यात सर नोकरी सोडून वाडीवर राहायला गेले. यंत्र, फळी, सगळं घेऊन गेले. मला वाटलं, सुटले. पण रिकाम्या घराच्या भिंतीतून मला दुपारचं टुंग ऐकू यायचंच. पाल चुकचुकली असेल, नळ गळत असेल, माझ्याकडच्या किल्लीनं मी कुलूप उघडून बघून आले. नळ कोरडा होता. असे पाच पावसाळे गेले. माझं वजन उतरलं, नलू म्हणायला लागली डॉक्टरला दाखव. शेवटी श्रावणातल्या एका सकाळी मी पोलादपूरची गाडी धरली आणि तिथून वाडीवर जाणारी.

सर देवळाच्या पायरीवर बसले होते. समोर पट, त्यावर खडे. खूपच वाळले होते. मला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"बसा, बाई. प्रवास कसा झाला?"

बसले असते तर पुन्हा बोलणं झालं नसतं. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "सर, मी पूजेला बसले नव्हते. वहिनींना मी थांबवलं. दहा मिनिटं. नलूला आमसुलं द्यायची होती." आणि मी रडले. रस्त्यावरच्या माणसांदेखत, शाळेतल्या पोरीसारखी रडले.

सरांनी एक खडा उचलला आणि हातात धरून ठेवला. "मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

त्यांनी मागे, घराच्या पडवीकडे मान केली. तिथं खुंटीला माझी कापडी पिशवी टांगलेली होती. धुतलेली, मातीचा डाग राहिलेली. त्यावर माझ्या अक्षरात नलूचं नाव. "तिसऱ्या दिवशी पोलिसांनी तिचं सामान परत दिलं, त्यात होती. गाठ तुमचीच, ओळखली मी."

"मग मला कशाला विचारलंत?"

"तुमची चाल होती, बाई. माझ्या हातानं कशी खेळणार?" त्यांनी हातातला खडा पटावर ठेवला. "यंत्रालापण नव्हती सांगितली. त्यानं जागा बरोबर शोधली. पण तिथं काय ठेवायचं ते त्याला कळत नाय. त्याला भाव कळतो. आमसुलं होती, बहिणीसाठी होती, हे त्याला कसं सांगायचं? मलाच सांगता येईना."

आतून आवाज आला, टुंग. ते यंत्र अजून चालू होतं. वहिनी अजून जात होती.

मला तिथं थांबवेना. खाली रस्त्यावर परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला तशी मी पिशवी खांद्याला लावली. तेव्हा सर उठले आणि म्हणाले, "दहा मिनिटं थांबा ना, बाई. जाता जाता एवढं न्याल?"

माझेच शब्द. आवाजही मृदू. त्यांनी मनगट उलटं करून वेळ बघितली. चेहऱ्यावर राग नव्हता, पण दुसरंही काही वाचता येईना. मला पळून जावंसं वाटत होतं. मी थांबले. ते आत गेले, परसातल्या रातांब्यांची आमसुलं घेऊन आले, कागदात बांधली, खुंटीवरची पिशवी काढून तिच्यात घातली, तोंडाला गाठ मारली. एकेक गोष्ट सावकाश. खाली एसटी निघून गेल्याचं मला ऐकू आलं.

"नलूबाईंचं राहिलं होतं," ते म्हणाले. "आता पांडूची जीप मिळेल. पोचलात की एक मिस्ड कॉल द्या."

पांडूच्या जीपमध्ये मी मागच्या बाकावर बसले. वळणावरून मागे बघितलं, तर सर पायरीवर उभे होते, हात पुढे करून, मनगट उलटं. लांबून कुणालाही वाटलं असतं, काहीतरी मागतायत.

उतारावर पाऊस धरला. माझ्या समोर एक म्हातारी बसली होती, नऊवारी, हातात करंडी. ती एकाएकी पदर तोंडाला लावून म्हणाली, "पांडू, थांबव रे. मला मळमळतंय." पांडूनं गाडी कडेला घेतली. वर कापलेला डोंगर, लाल माती, पाणी वाहतंय. "कुनाकडं पानी हाय काय?" म्हातारीनं विचारलं. माझ्या मांडीवर पाण्याची बाटली होती. बाटली रिकामी होती. आणि दहा पावलांवर कड्यातून झरा पडत होता.

गाडीत सहाजण होते. कुणीच हललं नाही. मी बाटली घेतली आणि उतरले. भीती वाटत होती, पण म्हातारी ओकत होती आणि बाटली माझ्या हातात होती. दुसरं काय करणार? झऱ्याखाली बाटली धरली तेव्हा कळलं, वहिनीनं तिथं काही ठरवलं नव्हतं. बाटली भरेपर्यंत मी वर बघितलं नाही. दोन-चार खडे घरंगळत पायाशी आले. बाटली भरली. मी परत येऊन बसले. म्हातारी पाणी प्यायली, म्हणाली, "बरं केलंस गो बाय."

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. ओल्या अंगानंच भिंतीपाशी बसून सरांना फोन लावला. एक घंटा झाली की कापायचा होता, पण पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. बोलले काहीच नाहीत. फोनमधून पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मग टुंग झालं.

आणि पंखा हळूहळू मंद होत थांबला. इतकी वर्षं चाललेलं ते यंत्र त्यांनी बंद केलं होतं, ठिपका पोचलेला असताना. मी कान लावून बसले. माझ्या बाजूला भिंतही गप्प होती.